साडेबाराचा बार

आमच्या फाट्याला नाव नाही.
कंडक्टर ओरडतो, "गिट्टी, गिट्टीवाले उतरा,"
आणि आम्ही उतरतो.

उदगीरच्या वाटेवर, माळ संपतो तिथं
जमिनीनं जबडा उघडलाय.
साठ फूट खोल. आता त्यात पाणी,
हिरवं, जाड, कडेनं बेशरमाची झाडं.
ठेकेदारानं यंदा कटल्याचं बीज सोडलंय.
लातूरहून नवरा-नवरी येतात फोटो काढायला,
नेमकी तिथंच उभी राहतात
जिथं यंकप्पा लाल फडकं घेऊन उभा असायचा.

यंकप्पा, माझा बाप.
त्याचं काम एवढंच: साडेबाराला रस्ता अडवायचा.
कुणीही असो.
एकदा तहसीलदाराची जीप थांबवली होती त्यानं,
"सायेब, बार हाय. जरा दम खावा."
मग पत्रा वाजवायचा, तीनदा.
कोंबड्या आधीच बाजेखाली,
आणि आई फळीवरच्या काचेच्या बरण्या
एकेक करून खाली घ्यायची, ज्वारीच्या पोत्यावर.

धुडूम.
मागून पत्र्यावर बारीक खडे, ताडताड.
मग बरण्या पुन्हा वर.

संध्याकाळी सायडिंगला वाघिणी लागायच्या.
मी लहान, मला वाटायचं खऱ्याच वाघिणी,
दगड खाऊन पोट भरणाऱ्या.
"कुठं जाऊलाल्यात ह्या?"
काट्यावरच्या मौलासाबला मी विचारलं.
पावतीपुस्तकाला थुंकी लावत तो म्हणाला,
"दर्या कू भूक लगी, बेटी.
किनारा खाऊलालाय त्यो. त्याच्या तोंडात दगड घालायचा."

आम्ही वडार. आम्ही पाणी पाहिलं ते विहिरीचं,
तेही आधी खणून.
समुद्र आमच्यात कुणी पाहिला नव्हता.
आमचा दगड मात्र दर आठवड्याला
बिनतिकीट तिकडं जायचा.

नंतर सगळं हळूहळू.
लाइन रुंद झाली, सायडिंग उखडलं,
क्रशर दुसऱ्या माळावर गेलं, पंप बंद पडला,
आणि तळातून पाणी आलं, न बोलावता.
बापाचे कान त्याच्या आधीच गेले होते.

मी समुद्र पाहिला बेचाळिसाव्या वर्षी,
अंगणवाडीच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा.
धक्क्याला काळे दगड, एकावर एक, बेवारस.
एकाच्या अंगावर ड्रिलची अर्धी नळी,
सरळ, बोट बसेल एवढी.
मी बोट घातलं. आत कसल्या कसल्या शिंपल्यांनी
घरं केली होती. कापलं.
आमचा असेल तो, किंवा नसेलही.
काळा दगड सगळीकडं काळाच.
पण लाट आदळली तेव्हा
मी मान खाली घातली, दोन्ही हात डोक्यावर.
सोबतची बाई हसायला लागली.
मी खडे पडायची वाट बघत होते.
नुसतं पाणीच पडलं, खारट.

पिशवीत घालून एक कपची आणली, शिंपल्या चिकटलेली.
बापानं ती तळहातावर तोलली,
जिभेला लावली,
ऐकू येत नसलं तरी नखानं वाजवून बघितली,
आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला,
"आपला न्हवं ह्यो. भुसभुशीत हाय.
आपला लोखंडावानी वाजतोय."
मग दाराला अडकण म्हणून लावून दिली.

कालही साडेबारा वाजले.
आईनं बरण्या खाली घेतल्या. आता दोनच उरल्यात,
एक लोणच्याची, एक रिकामी.
"आता कशाला?" मी म्हणाले.
"हात जातोय गं वर," ती म्हणाली.
खदानीत कुण्या पोरानं उडी मारली,
छपाक.
आई थोडी थांबली.
मग लोणच्याची आधी, रिकामी नंतर,
ठेवून दिल्या जागेवर.